बारा मैलांच्या अलीकडचं पाणी

सातपाटीहून मुरब्याकडे

मी एकतीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढली. त्यामुळे सातपाटीहून मुरब्याला जाताना खाडीतल्या एवढ्याशा होडीत मी घाबरलो होतो, हे कऱ्हाडला परतल्यावर सांगितलं तेव्हा घरी कुणालाच ते खरं वाटलं नाही. पण मी घाबरलो होतो. होडी बुडण्याची भीती नव्हती. पलीकडचा काठ समोर दिसत होता. भीती पाण्याची होती. माझ्या शेजारी मासळीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसलेली एक बाई बोलता बोलता हात पाण्यात सोडून बसली होती. बाई, हात वर घ्या, असं तिला सांगावंसं वाटत होतं. कारण विचारलं असतं तर काय सांगणार, म्हणून गप्प राहिलो.

मला आणायला हरेश्वर पालघर स्टेशनपर्यंत आला होता. हरेश्वर मुरब्याचा. एका मालवाहू जहाजावर मी सेकंड इंजिनियर होतो तेव्हा तो माझ्या हाताखाली ऑइलर होता, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा. चार वर्षं आम्ही एकत्र घाम गाळला. दोघेही निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी तो मला 'सेकंडसायेब'च म्हणतो.

मी तिथे गेलो तो त्याच्या एका फोनमुळे. "सायेब, भावाच्या जाळ्याला कायतरी चिकाट लागतंय," तो म्हणाला होता. "रंग बघून मला आपल्या टाकीची आठवन आली. तुमी एकदा येऊन बघा."

'आपल्या टाकीची' हे शब्द ऐकल्यावर मी गुडघेदुखीचं निमित्त सांगून आठ दिवस काढले. नवव्या दिवशी त्याचा परत फोन आला. या वेळी तो नुसतं "या" म्हणाला. मी निघालो.

मुरबे

मुरबे गावात शिरलं की आधी बोंबील दिसतात. बांबूच्या उंच वलांडीवर तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले, ओळीच्या ओळी. आमच्याकडे मिरच्या वाळत घालतात, तितक्या सहजपणे. वाऱ्याबरोबर वास अंगावर येतो, आणि तासाभरात तो वास आहे हेच आपण विसरतो. हरेश्वरच्या बायकोने, प्रभावतीवहिनींनी, पाय धुवायला दारात बादली ठेवली होती. पाणी विहिरीचं होतं. मी तरी विचारून घेतलं.

हरेश्वरचा धाकटा भाऊ काशिनाथ अंगणात जाळं पसरून बसला होता. तो तांडेल, म्हणजे बोट चालवणारा आणि बोटीवरचा शेवटचा शब्द ज्याचा तो. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा. त्यांचं जाळं डोलीचं असतं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना मोठी पिशवी बांधावी तसं ते बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीची ओढ त्यातून मासळी गाळून देते. समुद्र जे आणील ते त्यात येतं.

"हे बघा," काशिनाथने जाळ्याचं टोक माझ्यापुढे सरकवलं.

जाळ्याच्या गाठीगाठीत राखाडी, चिकट थर बसला होता. मी तो बोटाने घेतला नाही. काडीने खरवडला आणि नाकाजवळ नेला. आधी स्वयंपाकघरातली जुनी चरबी, मग साबण, मग ब्लीचिंग पावडर, आणि या सगळ्याच्या खाली संडास. हा वास मला झोपेतही ओळखता आला असता.

"जहाजाचं आहे," मी म्हणालो.

"कशावरनं? इथं पाऊनशे लोक म्हंतात कारखान्यांचं हाय."

"कारखान्याच्या पाण्याला रसायनाचा वास येतो. हा माणसांचा वास आहे."

"मंग गावातली गटारं?"

"तुमचे खुंट किती आत आहेत?"

"साडेनऊ मैल."

"तिथवर गावचं गटार असं घट्ट राहून येत नाही. ते पांगतं. हे जवळच सोडलेलं आहे."

काशिनाथने माझ्या हातातली काडी घेतली. त्याच्या दोन्ही पंजांवर, बोटांच्या बेचक्यांत, लाल चट्टे होते. त्याचा एक खलाशी अंगावर असेच चट्टे उठले म्हणून बोट सोडून बोईसरच्या कारखान्यात कामाला गेला होता. दुसरा यायला टाळाटाळ करत होता.

मग मी त्यांना नियम सांगितला. जहाजावरचं संडासाचं पाणी किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत सोडायचंच नाही, जहाजावर मान्यताप्राप्त शुद्धीकरण यंत्र चालू असेल तर गोष्ट वेगळी. तीन ते बारा मैलांमध्ये दळून, जंतू मारून सोडता येतं. बारा मैलांच्या पलीकडे टाकीत साठवलेलं कच्चं पाणीही सोडता येतं, पण एकदम नाही, हळूहळू, आणि जहाज ठरावीक वेगात चालू असताना.

"म्हंजे बारा मैलांवर पाटी लावलेली हाय?" काशिनाथने विचारलं. "इथून पुढं घाण टाका, इकडं येनार नाय?"

त्याला हसू आलं नव्हतं. मलाही नाही.

"आनि मोरीचं, भांड्यांचं पानी?"

"ते या नियमात येतच नाही."

तो उठून आत गेला. हरेश्वर माझ्याकडे बघत होता. मी नजर जाळ्यावर ठेवली.

जेवायला वहिनींनी ओल्या बोंबलाचं कालवण, तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी वाढली. आमच्याकडे ज्वारीची भाकरी हाताने मोडताना कडक आवाज येतो. ही कापडासारखी मऊ. मी भाकरी मोडली आणि थांबलो. मासे त्याच दिवशी पकडलेले होते. कुठल्या पाण्यातले, हे मला विचारता येत नव्हतं. वहिनी परातीशी बसून बघत होत्या.

"भाऊजी, तुमाला आवडंत नाय का बोंबील?"

"आवडतात," मी म्हणालो आणि खाल्ले. चव उत्तम होती. प्रत्येक घास मात्र मी मोजून गिळला, हे मला मान्य केलं पाहिजे. ही माणसं तेच ताट रोज वाढून घेत होती.

त्या संध्याकाळी ठरलं की तक्रार करायची तर पुरावा हवा. जहाजाचं नाव, त्याच्या मागच्या बाजूला रंगवलेला सात आकडी क्रमांक, जागा, वेळ, आणि पाणी पडत असतानाचे फोटो. काशिनाथच्या म्हणण्याप्रमाणे एक ना एक जहाज त्या भागात रोजच रेंगाळत असे, उत्तरेकडच्या बंदरात आपली पाळी यायची वाट बघत. उद्या सकाळच्या भरतीला जायचं. बोटीवर माणसं कमी, म्हणून हरेश्वर जाणार. "आनि सायेब पन," काशिनाथ म्हणाला. "काय पडतंय ते सांगाया कोनतरी पायजे."

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

साडेनऊ मैलांवर

मोठ्या जहाजावर समुद्र खाली असतो. मासेमारीच्या बोटीवर तो शेजारी असतो. हा फरक मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळला. बोट निघताना काशिनाथने पुढच्या टोकाला पाणी शिंपडून हात जोडले, हरेश्वरनेही जोडले. इंजिनाच्या धडधडीवर मी कान ठेवून होतो. जुनं होतं, पण ठीक चाललं होतं. मागे तारापूरच्या बाजूची किनारपट्टी आधी हिरवी, मग निळी, मग नुसती रेघ झाली.

जहाज आम्हाला दिसलं ते खुंटांच्या जरा अलीकडेच. कोळसा किंवा धान्य नेणारं, रिकामं. रिकामं जहाज पाण्याबाहेर फार वर उचललेलं असतं. त्याचा खालचा लाल रंग दिसतो आणि ते आहे त्यापेक्षा दुप्पट मोठं वाटतं. ते चालू नव्हतं आणि नांगरलेलंही नव्हतं. नुसतं तरंगत होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, ते अर्जात आहे.

"पानी सोडतंय," हरेश्वर म्हणाला.

जहाजाच्या बाजूला दोन ठिकाणांहून पाणी पडत होतं. पुढचं स्वच्छ होतं, ते इंजिन थंड करणारं समुद्राचंच पाणी. मागचं, इंजिनखोलीच्या जवळचं, तपकिरी-राखाडी होतं. थांबून थांबून, उचक्या दिल्यासारखं येत होतं. पंप टाकीच्या तळाला लागला की तसं येतं.

"तेच," मी म्हणालो.

मोबाईलवर जहाजांची नावं दाखवणारं अॅप असतं, पण इतक्या आत रेंज नव्हती. हरेश्वरने आधी बोटीवरच्या जीपीएसच्या पडद्याचा फोटो काढला, मग जहाजाचा. नाव वाचायचं तर मागच्या बाजूला जाणं भाग होतं. काशिनाथने बोट वळवली. जसजसे जवळ गेलो तसतसं आकाश कमी होत गेलं आणि शेवटी एका बाजूला नुसतं लोखंड उरलं. त्या लोखंडाचा गारवा लागत होता.

नाव आणि आकडे मिळाले. मी दोनदा मोठ्याने वाचले, हरेश्वरने फोटो काढले. तिथे आम्ही निघायला हवं होतं. पण नमुना घ्यावा असं मला वाटलं. ती चूक माझी. पाण्याची रिकामी बाटली बांबूला बांधून मी ती धारेखाली धरली, त्यासाठी काशिनाथने बोट आणखी आत घेतली, आणि जहाजाने एक उचकी मोठी दिली. सगळी धार आमच्यावर आली. डोक्यावर, तोंडात, शर्टाच्या आत. कोमट होतं ते. भरलेली बाटली बोटीत टाकून मी थुंकत राहिलो. हरेश्वर डोळे मिटून खाली बसला.

आणि तेव्हाच जहाजाच्या मागच्या टोकाखालचं पाणी पांढरं झालं.

त्याचा पंखा फिरायला लागला होता. रिकाम्या जहाजाचा पंखा पुरता बुडत नाही. वरचं पातं पाण्याबाहेर येत होतं, आमच्या बोटीइतकं उंच, आणि धप्प करून परत आत जात होतं. आधी सावकाश. मग जरा कमी सावकाश. आमची बोट हळूच, कुणी पदर धरून ओढावं तशी, तिकडे सरकायला लागली.

काशिनाथने इंजिन उलटं टाकलं. दोन ठोके पडले आणि इंजिन बंद झालं. बोटीच्या पंख्यात दोर गुंतला होता, कुठल्यातरी तुटक्या जाळ्याचा.

"नांगर," तो म्हणाला. ओरडला नाही.

हरेश्वरने नांगर सोडला. दोर त्याच्या हातांतून सळसळत गेला. नांगर तळाला लागला, पण धरेना. बोट ओढली जातच होती. मी बांबू जहाजाच्या अंगाला लावून रेटत होतो, म्हणजे एक मुंगी भिंत रेटत होती. पात्याचा प्रत्येक धप्प माझ्या पायांखालच्या फळीत येत होता. बायको, मुलगा, देव, काही आठवलं नाही. मी पात्यांमधला वेळ मोजत होतो. आयुष्यभराची सवय. वेळ कमी होत होता.

वर, कठड्याशी, नारंगी कपड्यातला एक माणूस दिसला. इंजिनखोलीचाच असावा, कपड्यांवर तेलाचे डाग होते. तो आमच्याकडे बघत होता. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन आडवे केले. बंद करा, या अर्थाची ती जहाजावरची खूण. तो खांद्यावरच्या वॉकीटॉकीत काही बोलला आणि वळून धावला.

किती वेळ गेला ते हरेश्वर एक मिनिट म्हणतो आणि काशिनाथ पाच. पात्यांमधला वेळ वाढला. मग पातं वर आलं आणि वरच राहिलं, पाणी गाळत. आम्ही त्याच्यापासून इतके जवळ होतो की त्यावर चिकटलेल्या शिंपल्या मला दिसत होत्या. धारही बंद झाली होती. सगळीकडे एकदम इतकं शांत झालं की हरेश्वरचा श्वास ऐकू येत होता.

नांगर अजूनही धरत नव्हता. वाऱ्याने जहाजाला आणि ओहोटीने आम्हाला वेगवेगळ्या बाजूंना नेलं. बरंच अंतर पडल्यावर त्याचा पंखा पुन्हा सुरू झाला आणि ते उत्तरेला गेलं. नारंगी कपड्यातला माणूस पुन्हा कठड्याशी आला होता. त्याने हात हलवला नाही. मीही नाही.

पंख्यातला दोर मात्र कापायलाच हवा होता. आमच्या भोवतीचं पाणी अजून तपकिरी होतं, वर चरबीचे मेणासारखे तुकडे तरंगत होते.

"पांगू द्या," मी म्हणालो. "तासभर थांबू."

"ओहोटीनं आपन कुठं जाऊ तासाभरात? पुढं जहाजांची वाट हाय," काशिनाथ म्हणाला.

"मी उतरतो," हरेश्वर म्हणाला.

"तू बस." काशिनाथने सुरी दातांत धरली आणि तो त्या पाण्यात उतरला. चार वेळा खाली गेला. प्रत्येक वेळी वर आल्यावर तोंड घट्ट मिटलेलं. चौथ्या वेळी दोराचा गुंता वर फेकला आणि स्वतः वर आला, तेव्हा डाव्या हाताच्या करंगळीतून रक्त येत होतं. पंख्याची कड लागली होती. पिण्याच्या पाण्याचा सगळा कॅन मी त्याच्या हातावर ओतला. तो म्हणाला, "पुरे हो, खरचटलंय."

परतताना त्याने सुकाणू धरून विचारलं, "सायेब, लांबनं बघून तुमी कसं ओळखलंत? टाकीच्या तळाला पंप लागला म्हनून?"

मला खोटं बोलता आलं असतं. पुस्तकात वाचलंय म्हणालो असतो तरी त्याने ऐकलं असतं.

"मी केलेलं आहे," मी म्हणालो. "आमच्या जहाजावरचं शुद्धीकरण यंत्र बंद पडलं होतं. टाकी भरून वर आली होती. बंदरात ती रिकामी करायची तर वाट बघावी लागणार होती. वरून हुकूम आला, भर दुपारी, जेवणाच्या वेळेला. मी टाकीचा वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडायला सांगितला. किनारा दिसत होता."

"सांगितला कोनाला?"

हरेश्वर पुढच्या टोकाशी बसला होता. तो वळला नाही. "मला," म्हणाला. "वाल मी फिरवला. आपलंच गाव समोर होतं, काशा. देवळाचा कळस वळखू येत होता."

काशिनाथने किनारा येईपर्यंत आमच्याशी एक शब्द काढला नाही. किनाऱ्यावरही नाही. बोट लावली, जाळं खांद्यावर टाकलं आणि तो गावात गेला.

नवापूर आणि बोईसर

मी साबणाने चार वेळा अंघोळ केली. वहिनींनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. संध्याकाळी काशिनाथला हुडहुडी भरली. सकाळी त्याची करंगळी काळपट आणि मनगटापर्यंत लाल रेघ. त्याला जीपमध्ये घालून बोईसरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने हात पाहिला आणि विचारलं, "कुठल्या पाण्यात गेला होता?" आम्ही सांगितलं. त्याने आणखी काही न विचारता सलाईन लावलं, आणि असे हात त्याने बरेच पाहिले असावेत याचं मला फार वाईट वाटलं.

दवाखान्याच्या बाहेर दोन परप्रांतीय कामगार आपसांत हिंदीत बोलत होते, कुणाच्या तरी भाजलेल्या पायाबद्दल. आम्ही एकाच बाकावर बसलो होतो.

बसून राहवेना, म्हणून हरेश्वर मला जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूर गावी घेऊन गेला. तिथल्या कुणी तेच जहाज बघितलं असेल तर त्यांचाही जबाब घ्यावा असा विचार होता. दोन तांडेलांनी बघितलं होतं. पण सही करायला दोघेही तयार नव्हते.

"उद्या पेपरात आलं, ह्या भागातल्या मासळीत घान हाय," त्यातला एक म्हणाला, "तर बाजारात आमचे बोंबील कोन घेल? जहाज जाईल निघून. आमी कुठं जायचं?"

मी स्वतः दोन दिवसांपूर्वी घास मोजून गिळले होते.

वलांडीशी एक म्हातारी बोंबील उलटत होती. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "एक पानी जमिनीकडनं येतं, एक दर्याकडनं. आमी कुनाकुनावर अर्ज लिवायचं?" थोड्या वेळाने तिने आपलं नाव सांगितलं. "लिवा माजं. मी तं काय पायलं नाय, पन हात माजे खाजतात, ता लिवा."

पालघर

दोन दिवसांनी आम्ही पालघरला गेलो. जिल्ह्याच्या कचेऱ्या आता मोठ्या आणि चकचकीत आहेत. फरशीवर आमच्या चपलांची वाळू पडत होती आणि हरेश्वर ती पायाने गोळा करत होता. समुद्रातल्या जहाजाची तक्रार कुठल्या टेबलावर द्यायची, हे ठरायला दुपार झाली. शेवटी एका अधिकारीबाईंनी आम्हाला बसायला सांगितलं. चाळिशीच्या, विदर्भाकडच्या बोलीच्या. त्यांनी फोटो एकेक करून, मोठे करून बघितले.

"ही बाटली मला घेता नाही येत," त्या म्हणाल्या. "नमुना कोणी घेतला, कसा सील केला, काहीच नाही. पण जागा आहे, नाव आहे, वेळ आहे. हे मी पुढे पाठवू शकते. फक्त एक सांगा. जहाजवाले म्हणतील, ते इंजिनाचं साधं पाणी होतं. तुम्ही ते सांडपाणीच होतं असं लिहिलंय. कशाच्या आधारावर?"

"मी सेकंड इंजिनियर होतो."

"ते लिहिलंय. पण पाहून ओळखलं, म्हणजे आधी कुठे पाहिलं होतं?"

खोलीत पंखा फिरत होता आणि मी त्याच्या पात्यांमधला वेळ मोजायला लागलो, तसं हरेश्वरने माझ्या हातावर हात ठेवला.

हे लिहून दिलं तर काय होईल, मला माहीत नव्हतं. आजही नाही. जुनं प्रकरण उकरतात का, जहाजाच्या मालकांपर्यंत जातं का, हरेश्वरला कुणी बोलावेल का. आणखी एक भीती होती, ती त्या नारंगी कपड्यातल्या माणसाची. चौकशी झाली तर हुकूम देणारे कुणी सापडणार नाहीत. ज्याने वाल उघडला तो सापडेल. कदाचित ज्याने आमचा जीव वाचवला तोच.

मी कागद मागून घेतला. आमच्या जहाजावर मी काय केलं, ते लिहिलं. वर कोणी सांगितलं होतं तेही लिहिलं. मग या जहाजावरच्या एका माणसाने पंखा थांबवून आम्हाला वाचवलं, हे वेगळं लिहिलं. वाल कुणी फिरवला, ते लिहिलं नाही.

हरेश्वरने कागद वाचला. त्याला वाचायला वेळ लागतो. "माजं नाव ऱ्हायलं," तो म्हणाला.

"गरज नाही त्याची."

"हाय." त्याने पेन घेतलं आणि तळाला स्वतःच्या हाताने लिहिलं: वाल मी फिरवला. मग सही केली.

बाईंनी अर्ज घेतला, पोचपावती दिली आणि म्हणाल्या, "मोरीच्या, स्वयंपाकाच्या पाण्याबद्दल या नियमाखाली मला काही करता येणार नाही. संडासाच्या पाण्याचं बघतील. पुढच्या बंदरात यंत्र तपासतील, तपासलं तर."

पावती घेऊन आम्ही बोईसरला गेलो. काशिनाथचा ताप उतरला होता, पण करंगळी काढावी लागली होती. तो जागा होता. हरेश्वरने अर्जाची प्रत त्याच्या चादरीवर ठेवली. त्याने उजव्या हाताने ती धरून सगळी वाचली, तळाची ओळसुद्धा. मग घडी करून उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हाही तो माझ्याशी बोललेला नव्हता.

कऱ्हाडहून

पुढे काय झालं ते मला हरेश्वरकडून तुटक तुटक कळलं. ते जहाज दुसऱ्या एका बंदरात तपासलं गेलं. शुद्धीकरण यंत्र बंद होतं, आणि बरेच दिवस बंद असावं. ते दुरुस्त होईपर्यंत जहाज अडवून ठेवलं. नारंगी कपड्यातल्या त्या माणसाचं काय झालं, कुणालाच माहीत नाही. मी दोन ठिकाणी विचारून पाहिलं. मला जबाबासाठी अजून बोलावणं आलेलं नाही. दारात पोस्टमन थांबला की मी आधी पाकिटावरचा शिक्का बघतो.

परतून महिना झाला असेल. सकाळी फोन वाजला, नंबर ओळखीचा नव्हता. काशिनाथ होता. मागे इंजिनाची धडधड ऐकू येत होती. बोट किनाऱ्याजवळच असावी, कारण आवाज साफ येत होता.

"सायेब, फोटो पाठवलाय. बघा."

मी बघितला. बोटीची कड, आणि पलीकडे पाणी. हिरवट-राखाडी. तिथलं पाणी बरेचदा असतं तसंच.

"आज हात घालू का?" त्याने विचारलं. "हरेश्वरदादाला इचारलं, तो म्हंतो सायेबाला इचार. तुमी केलेलं हाय, म्हनजे तुमालाच कळंल."

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. फोटोत वास येत नाही.

"काशिनाथ, मला इथून सांगता नाही येणार," मी म्हणालो.

मग फोन कानाला असतानाच त्याने कुणालातरी दोर सोडायला सांगितलं, आणि पाण्यात हात घातल्याचा आवाज मला ऐकू आला.